लेथखालचा कीस आणि तीन कळश्या



गणपतीत आपण मुलांसाठी विज्ञानाचं टेबल मांडलं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं. त्यातली निळ्या पाण्याची बाटली माझी होती. प्रयोग दहा मिनिटांचा, पण त्याचं शेपूट चांगलं दोन महिने लांबलं. या महिन्याचा लेख त्या शेपटाचा.

आधी प्रयोग काय होता ते सांगतो. खेरडीत आमच्या घरापासून जवळच एक लेथचं वर्कशॉप आहे. तिथे बिडाचे, म्हणजे आपल्या डोशाच्या तव्याच्या लोखंडाचे, भाग कापले जातात आणि मशिनखाली काळ्या किसाचा ढीग पडतो. भंगारवाले त्याला ‘बोरिंग’ म्हणतात. आपल्याकडे बोअरवेललाही बोरिंगच म्हणतात, त्यामुळे ‘बोरिंगचं पाणी बोरिंगने साफ होतं का’ असा विनोद त्या दिवशी बराच चालला. मी तिथून वाटीभर कीस आणला आणि साबणाने धुऊन त्यावरचं तेल काढलं. कृषी केंद्रातून मोरचूद आणलं. द्राक्षवाले फवारणीसाठी वापरतात तेच. एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम मोरचूद विरघळवलं की पाणी फिकट निळं होतं. त्यात कीस टाकला, झाकण लावलं आणि मुलांना आळीपाळीने हलवायला दिलं. हातमोजे घालून, कारण मोरचूद विषारी आहे.

आरती संपेपर्यंत निळा रंग जवळजवळ गेला होता आणि काळा कीस तांबूस झाला होता. पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसलं होतं. जादू नव्हे, साधा सौदा आहे: लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं बाहेर येतं. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, खाणीच्या पाण्यातून तांबं काढायला हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. “पाणी साफ झालं!” मीही खूश. सॉफ्टवेअरच्या माणसाची केमिस्ट्रीशी शेवटची भेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला झालेली, त्यामुळे हे एवढं जमलं याचाच आनंद मोठा होता. मी माईकवर सांगूनही टाकलं की एका कारखान्याचा कचरा दुसऱ्या कारखान्याचं घाण पाणी साफ करू शकतो आणि तेही फुकटात.

आमच्या मजल्यावरचे काका तिथेच प्रसादाच्या रांगेत उभे होते. गेली वीसेक वर्षं ते कारखान्यांच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटवर, काम करतात. ते पुढे आले, बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, “छान झालंय. आता पिऊन दाखव.”

सगळे हसले. मी नाही प्यायलो. काकांनी पानवाल्याकडून आणलेल्या चुन्याचं थोडं निवळ पाणी त्यात ओतायला लावलं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात लगेच हिरवट गढूळ ढग उठले आणि हळूहळू गंजाच्या रंगाचे होऊन तळाशी बसले. “हे तुझं लोखंड,” काका म्हणाले. “तांबं गेलं, त्याच्या जागी हे आलं. आता हा गाळ कुठे टाकणार ते सांग.”

घरी आल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. एक ग्रॅम मोरचुदात जवळपास पाव ग्रॅम तांबं असतं, म्हणजे बाटलीत लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम. ते सगळं लोखंडावर उतरलं तर बदल्यात साधारण २२० मिलिग्रॅम लोखंड पाण्यात येतं. आणि रंग दिसेनासा झाला म्हणजे तांबं संपलं असंही नाही. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. तेवढं तांबं एका बाटलीत डोळ्यांना कळतसुद्धा नाही. मी निळा रंग गेला म्हणून टाळ्या घेतल्या, पण मोजलं काहीच नव्हतं.

राख, लाल चिखल आणि लोखंड

माझी मूळ कल्पना मात्र चुकीची नव्हती. त्यानंतर जे वाचलं त्यावरून सांगतो.

आपल्या आजीने भांडी राखेने घासली. राख नुसती खरवडत नाही, ती अल्कधर्मी असते. पाण्यात विरघळलेले बरेच धातू आंबट पाण्यात सुखाने राहतात, पण पाणी अल्कधर्मी केलं की त्यांचा गाळ होऊन ते खाली बसतात. ईटीपीत चुना टाकतात तो यासाठीच. राखेत दुसराही एक गुण आहे. उसाच्या बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या राखेत अर्धवट जळालेला कार्बन असतो. तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांच्या भिंतींना धातूचे कण चिकटून बसतात. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २००३-०४च्या सुमारास साखर कारखान्याच्या अशाच राखेवर प्रयोग करून दाखवले. पाण्याचा सामू नीट ठेवला तर कॅडमियम आणि निकेल ९० टक्क्यांच्या आसपास निघत होते. शिसं आणि क्रोमियमवरही त्यांनी काम केलं. कोल्हापूर-सांगलीकडचे वाचक हसतील, कारण ही राख त्यांच्याकडे धुराड्यातून उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर फुकट येते.

दगडी कोळशाच्या राखेचंही तसंच. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचं काय करायचं यावर केंद्र सरकारने १९९९मध्ये पहिली अधिसूचना काढली. विटा आणि सिमेंटात ती जाते. नागपूरच्या ‘नीरी’ने ही राख कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून तिच्यापासून झिओलाइट बनवण्यावर काम केलं. झिओलाइट म्हणजे जाळीदार खनिज. ते आपल्याजवळचं सोडियम सोडतं आणि पाण्यातला धातू धरून ठेवतं. भंगार देऊन भांडी घेण्यासारखी अदलाबदल.

तिसरा कचरा म्हणजे लाल चिखल. बेळगावला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे, तिकडच्या लोकांना हा परिचयाचा. बॉक्साइटमधून एक टन अ‍ॅल्युमिना काढला की साधारण एक ते दीड टन लाल चिखल उरतो. त्यात लोखंडाचा ऑक्साइड भरपूर असतो आणि अशा ऑक्साइडला आर्सेनिक, शिसं, क्रोमियम चिकटतात. रुरकीलाच २००१मध्ये शिसं आणि क्रोमियमसाठी त्याचा वापर करून पाहिला गेला. पण हाच चिखल किती दाहक असतो ते हंगेरीत आयकाजवळच्या गावांनी ४ ऑक्टोबर २०१० रोजी पाहिलं. साठवणीचा बांध फुटला, चिखल घरांत शिरला आणि दहा माणसं गेली. कामाला येणारा कचरा निरुपद्रवी असतोच असं नाही. कोळशाच्या राखेतही स्वतःचे जड धातू असतात. ती न तपासता पाण्यात टाकली तर काढायला गेलो एक आणि घातले दोन, असं होऊ शकतं.

आता पुन्हा आपल्या बोरिंगकडे, म्हणजे लोखंडाच्या किसाकडे. प्लेटिंगच्या कामातलं सगळ्यात वाईट म्हणजे पिवळं, षट्संयुजी क्रोमियम. चुना टाकून ते बसतच नाही. आधी त्याचं रूपांतर कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये करावं लागतं आणि ते काम लोखंड करतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी इथे तटरक्षक दलाचं केंद्र आहे. तिथल्या जुन्या क्रोम प्लेटिंग शॉपमधून झिरपलेलं क्रोमियम जमिनीखालून नदीकडे सरकत होतं. १९९६मध्ये त्याच्या वाटेत जमिनीत एक भिंत पुरली: ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल, ०.६ मीटर रुंद आणि भरलेली लोखंडाच्या कणांनी. पंप नाही, वीज नाही. भूजल आपल्या गतीने भिंतीतून जातं, क्रोमियम आतच अडकतं आणि पलीकडे निघणारं पाणी पिण्याच्या मर्यादेत येतं.

तीन कळश्या

पण माझ्या मनात घर केलं ते बांगलादेशच्या गोष्टीने. तिथे १९७०च्या दशकात गावोगाव हातपंप बसवले गेले. तळ्याचं पाणी पिऊन जुलाब-कॉलऱ्याने मुलं दगावत होती, म्हणून जमिनीखालचं जंतुविरहित पाणी द्यायचं, असा चांगला हेतू होता. पाणी नितळ होतं. १९९३मध्ये कळलं की त्यात आर्सेनिक आहे. तोवर लाखो कुटुंबं तेच पाणी पीत होती.

कुश्तिया गावचे अबुल हुस्साम अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्यातलं आर्सेनिक मोजायची पद्धत बसवताना त्यांच्या स्वतःच्या घरच्या विहिरीच्या पाण्यातही ते निघालं. त्यांनी आणि त्यांच्या भावाने गावाकडच्या जुन्या पद्धतीपासून सुरुवात केली. तिथे एकावर एक तीन कळश्या ठेवून पाणी गाळतात. कळशीला बंगालीत ‘कोलशी’ म्हणतात, शब्दसुद्धा आपलाच वाटावा. त्यांनी वरच्या कळशीत वाळूबरोबर बिडाचा कीस घातला. लोखंड गंजतं आणि गंजाला आर्सेनिक घट्ट चिकटतं.

चाललं, पण काही महिन्यांनी कीस गंजून त्याचा दगड झाला आणि पाणी उतरेना. मग त्या किसावर प्रक्रिया करून न थिजणारा, सच्छिद्र लोखंडी थर बनवायला त्यांना आणखी काम करावं लागलं. त्यातून ‘सोनो’ फिल्टर तयार झाला. २००७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचा दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार त्याला मिळाला आणि हुस्साम यांनी त्यातला बहुतेक पैसा फिल्टर वाटण्यात आणि पुढच्या संशोधनात घातला. लेथखालच्या किसाची ही करामत वाचून मी काय ठरवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

चाळीतली मागणी

गणपतीच्या टेबलाजवळ एक तरुण बराच वेळ उभा होता. कारखान्यात हेल्पर आहे, बायको आणि दीड वर्षाच्या मुलीसह चाळीत एका खोलीत राहतो. चाळीला बोअरवेलचं पाणी आहे. मुलीला सारखे जुलाब होत होते. आजूबाजूला कारखाने, तेव्हा पाण्यात केमिकल असणार असं त्याला वाटत होतं. तो घरी आला आणि म्हणाला, “दादा, ते लोखंडाचं फिल्टर मला बनवून द्या ना. मशिन घेणं काही परवडत नाही.”

मी हो म्हणालो. बादल्या आणल्या, वाळू धुतली, कीस धुऊन वाळवला. तीन कळश्यांऐवजी तीन बादल्या. रविवारी नेऊन द्यायचं ठरलं. शनिवारी रात्री काकांनी गॅलरीतला पसारा पाहिला.

“कशासाठी हे?”

सांगितलं.

“पाण्यात काय आहे?”

“केमिकल असेल.”

“असेल म्हणजे? रिपोर्ट पाहिलास?”

नव्हता पाहिला. काका बसले आणि शांतपणे म्हणाले, “तू तुमच्या ऑफिसात लॉग न बघता प्रोग्राम दुरुस्त करतोस का? मग इथे का करतोस? आणि हे तू त्या पोरीला प्यायला देणार आहेस. चुकलं तर प्रोग्रामसारखं मागे नेता येत नाही.”

मला राग आला, कारण ते बरोबर होते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे पाण्याचे दोन नमुने घेतले. धातूंच्या तपासणीसाठी वेगळी बाटली, जंतूंसाठी लॅबने दिलेली निर्जंतुक बाटली. दुसरी बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवली. पैसे आम्ही दोघांनी मिळून भरले. अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच द्यायचं, असं काकांनी त्या तरुणाला बजावलं.

अहवाल आला. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक सगळं पिण्याच्या मर्यादेत. कोलिफॉर्म जिवाणू मात्र सापडले. पिण्याच्या पाण्यात ते असताच कामा नयेत.

बोअरवेलच्या शेजारूनच चाळीच्या मोरीचं गटार जातं आणि त्याची फरशी फुटलेली होती. मुलीच्या जुलाबाचं कारण तेच, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण माझ्या तीन बादल्यांनी ते जंतू थांबले असते याची खात्री नव्हती. उलट तिच्या आईबाबांनी फिल्टर आहे म्हणून पाणी उकळणं बंद केलं असतं. बांगलादेशात जंतूंपासून वाचवायला गेले आणि आर्सेनिक मिळालं. मी धातूंपासून वाचवायला निघालो होतो आणि जंतू तसेच पाजले असते. हेतू दोन्हीकडे चांगलाच.

चाळमालकाला अहवाल दाखवल्यावर त्याने पंधरवड्यात गटार दुरुस्त करून घेतलं, बोअरवेलभोवती ओटा बांधला आणि टाकीत क्लोरीन टाकायला सुरुवात झाली. महिन्याने पुन्हा तपासणी केली तेव्हा जिवाणू नव्हते. तरी मुलीचं पाणी उकळूनच देतात. माझ्या बादल्यांत आता तुळस, पुदिना आणि कढीपत्ता आहे.

गाळ कुठे जातो

काकांचा पहिला प्रश्न अजून राहिलाच आहे. पाण्यातून काढलेला धातू जातो कुठे?

एक हिशेब बघा. एखादं युनिट रोज १०,००० लिटर सांडपाणी सोडतं आणि त्यात तांबं बरोबर मर्यादेइतकं, ३ मिलिग्रॅम, आहे असं धरू. म्हणजे रोज ३० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ११ किलो. नियमात राहूनही. तो धातू कुजत नाही, उडून जात नाही. आता तो राखेने पकडायचा म्हटलं आणि एक ग्रॅम राखेने एक मिलिग्रॅम धरला असं मानलं, तर रोज ३० किलो राख लागेल आणि वर्षाला ११ टन धातू लागलेली राख तयार होईल. क्रोमियमचं तर विचारूच नका. एक किलो षट्संयुजी क्रोमियम फेरस लोखंडाने उतरवायला सव्वातीन किलोच्या आसपास लोखंड विरघळलेलं लागतं आणि कोरडा गाळच आठ किलोपर्यंत होतो.

म्हणून प्रयोगशाळेत ९० टक्के यश आलेली राख कारखान्यात सहजासहजी दिसत नाही. राख प्रत्येक खेपेला वेगळी असते, ती तपासावी लागते आणि शेवटी ती स्वतःच घातक कचरा बनते. २०१६च्या घातक कचरा नियमांतला नववा नियम एकाचा कचरा दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरायची वाट खुली ठेवतो, पण परवानगी घेऊन आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यपद्धतीप्रमाणे. उरलेला घातक गाळ सुरक्षित भराव केंद्रात जायला हवा. तशी सोय आपल्या जवळ वापीला आहे. काकांच्या मते ईटीपीची खरी परीक्षा पाण्याच्या बाटलीत नसते. ती गाळाच्या गोणींच्या वहीत असते: किती गोणी भरल्या, किती गेल्या, कुठे गेल्या.

हे आपल्याला लागू आहे, कारण आपली दमणगंगा लांबची नाही. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात थांबते, आपल्याला पाणी देते आणि वापीजवळून दमणला समुद्राला मिळते. २००९मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८८.०९ गुणांसह वापी अंकलेश्वरच्या खालोखाल देशात दुसरी होती. आपल्यापैकी कितीतरी जणांची पोटं याच पट्ट्यातल्या कारखान्यांवर आहेत, माझंही. म्हणून कारखान्यांना नावं ठेवून भागत नाही आणि डोळे मिटूनही भागत नाही. तुमच्यापैकी जे मेंटेनन्स, स्टोअर किंवा पर्चेसमध्ये आहेत, त्यांनी कधीतरी आपल्या युनिटची ती वही बघावी. इतरांनी निदान घरच्या बोअरवेलचं पाणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, धातू आणि जंतू दोन्हींसाठी तपासून घ्यावं. आणि हा लेख वाचून कुणी घरी किसाचा फिल्टर बनवू नये, एवढी विनंती.

पुढच्या गणपतीतही निळी बाटली ठेवणार आहे. या वेळी शेजारी चुन्याचं पाणी असेल, गाळाची बरणी असेल आणि काका असतील. मुलांनी टाळ्या वाजवल्या की त्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरलं आहे: तांबं कुठे गेलं?